पूर्ण भरलेला गोल

मेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची, हे मी विद्यापीठात शिकले. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. लग्न म्हणजे त्या दोघांना जोडणारी आडवी रेघ आणि मुलं तिच्या खाली लटकलेली. ज्याला आजार आहे त्याचा चौकोन किंवा गोल पेन्सिलीनं पूर्ण काळा करायचा. ज्याच्या रक्तात आजाराचा अर्धा वाटा आहे पण त्रास काही नाही, तो अर्धा काळा. आणि माणूस गेलेला असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ. सरांनी हे फळ्यावर दहा मिनिटांत सांगितलं. आमच्या घरी सांगायला मला महिना लागला, आणि तिरक्या रेघेचं तर अजूनही कोणाला पटलेलं नाही.

हे आता लिहायला घेतलं, कारण आत्याला जाऊन पाच महिने झाले. रोज दोन-तीन ओळी होतात. काही दिवस तेवढ्याही होत नाहीत, कारण मधेच तिचं एखादं बोलणं आठवतं आणि मी एकटीच हसत बसते. दुखवट्यात माणसानं किती हसावं याचा काही नियम असेल तर मला माहीत नाही. आत्याला माहीत असता तर तिनं तो आधी मोडला असता.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवर ‘म.प्र.’ पुसून ‘छ.ग.’ रंगवणं चालू होतं, आणि घाईत मारलेल्या रंगाखालून जुनं ‘म.प्र.’ बऱ्याच ठिकाणी डोकं वर काढत होतं. शहरातल्या एका जुन्या हॉस्पिटलाच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं. आत्या म्हणायची, “पहिले तिथं सुई टोचत होते, आता सही करून राहिले. रांग तेवढीच आहे.”

मी मानवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. बाबांना कोणी विचारलं की पोरगी काय शिकते, तर ते म्हणत, “माणसांचं शास्त्र,” आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा सांगत. त्या वर्षी आम्हाला एक विषय होता: आनुवंशिकता, आजार आणि संस्कृती यांचा एकमेकांशी संबंध. पुस्तकात तो भलताच भारदस्त दिसायचा. सरांनी पहिल्याच तासाला त्यातली हवा काढली. सर इथलेच, एका खेड्यातून शिकून वर आलेले, आणि बोलायला अगदी साधे. “दूसरों के घर सुई लेकर जाने से पहले अपने घर जाइए,” ते म्हणाले. प्रत्येकानं आपल्या घराण्याची तीन पिढ्यांची आकृती काढायची, आणि घरातल्या निदान दोन माणसांना रक्त तपासायला विभागात घेऊन यायचं. तपासायचा होता सिकलसेल.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी, ज्या गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात. मग बारीक नळ्यांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं हाड फोडल्यासारखं दुखतं. थंडीत जास्त, गार पाण्यात जास्त. आई आणि वडील दोघांकडून वाटा आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो, फक्त तो वाटा पुढच्या पिढीला देऊ शकतो. आमच्या विदर्भातल्या समाजात हा बराच सापडतो, छत्तीसगढच्या खेड्यांत सापडतो. सर हे सांगत होते तेव्हा मी वहीत लिहीत होते. ‘गार पाण्यात जास्त’ हे लिहिताना माझा हात थांबला.

कारण आत्या. बाबांची धाकटी बहीण, तरी ते तिला ताईच म्हणत. तेव्हा पंचेचाळिशीची असेल. डाव्या पायानं लंगडायची, डोळ्यांत कायम हळदीची झाक. तिचं लग्न गोंदियाकडे शेती करणाऱ्या घरात झालं होतं. भाताची रोवणी आली, चिखलपाण्यात उभं राहायची वेळ आली की हिचे पाय जायचे. ती ओसरीत पडून ओरडायची, आणि रोवणी संपली की हळूहळू उठून बसायची. सासरच्यांनी तीन रोवण्या पाहिल्या आणि हिशेब लावला: काम आलं की दुखणं येतं, काम गेलं की जातं. चौथ्या रोवणीच्या आधी तिला आमच्या रेल्वेच्या क्वार्टरात आणून सोडलं. सोबत एक चिठ्ठी होती. तीत एवढंच, की बाई बोलायला चांगली आहे पण कामचोर आहे.

बाबांनी बहिणीला ठेवून घेतलं. कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. पण चिठ्ठी त्यांना पटलेली होती. हिवाळ्यात आत्या गोधडीत गुरफटून कण्हायला लागली की ते आईला म्हणत, “ताईचं सुरू झालं.” हे इतकं नियमित होतं की आईला स्वेटर त्यावरूनच काढायचे कळायचे. आणि आत्या फार ओरडली तर बाबा दारात उभे राहून मायेनं सांगत, “तू सहन करत नाही. पहिल्यापासून तसंच आहे तुझं. पण राहू दे. मी आहे ना.” त्यातलं ‘मी आहे ना’ आत्याला हाडांपेक्षा जास्त दुखायचं, हे मला फार नंतर कळलं.

आकृतीचं काम मी एकटीनं करणार होते, पण बाबांनी चार्ट पेपर पाहिला. बाबा रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क होते आणि त्यांचं अक्षर विभागभर प्रसिद्ध होतं. साहेब लोक महत्त्वाची पत्रं त्यांच्याकडून लिहून घेत. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला, आणि बाबांचं सगळं सुंदर अक्षर वापराविना पडून राहिलं. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, पट्टी मागवली, आणि चौकोन असे काढले की विटा रचाव्यात. मी फक्त बाजूला बसून सांगायचं.

“ही आजी,” मी म्हणाले, आणि सवयीनं दुसऱ्या पेन्सिलीनं गोलावर रेघ मारली.

बाबांचा हात थांबला. “हे काय केलं?”

“आजी गेली ना, बाबा. गेलेल्यांवर रेघ मारतात.”

“माझ्या मायवर काट मारली तू?”

“काट नाही, खूण आहे.”

“पोट्टे, पंचवीस वर्षं ऑफिसात काढली मी. काट काहून मारतात ते मले नको शिकवू. एंट्री चुकली का तिच्यावर काट मारतात आणि बाजूले सही करतात. माझी माय चुकलेली एंट्री आहे का?”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि माझ्या बाबांवर पण मारणार का ही?”

“आठ माणसं गेलेली आहेत,” मी म्हणाले. “सगळ्यांवर मारावी लागेल.”

“आठ!” आई बाहेर आली. “सकाळी-सकाळी आठ जणांवर काट मारून राहिली पोट्टी!”

आत्या दाराशी बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. “मग हार घाल ना, दादा. फोटोले घालतो तसा. मेलेल्या माणसाले हार घालतात. काट कोण मारते?”

ती हे गमतीत बोलली होती. तिच्या आवाजावरून मला कळलं, आईलाही कळलं. बाबांना नाही कळलं. ते उठले, लाल शाईचा पेन घेऊन आले, खोडरबरानं माझी रेघ पुसली, आणि आजीच्या गोलाला एक बारीक हार काढला. झेंडूचं एकेक फूल वेगळं. मधे एक हिरवं पान हवं होतं, पण हिरवी शाई ऑफिसात फक्त साहेबांची, म्हणून राहिलं. आठही जणांना हार पडायला दोन रविवार गेले. आजोबांच्या चौकोनाला कोपरे असल्यामुळे हार नीट बसेना, तर बाबांनी त्यांना खुंट्या काढल्या.

आत्यानं चार्ट पाहिला, आपला गोल शोधला.

“माझा कोरा काहून?”

“तुझं रक्त कुठं तपासलं अजून?”

“तपास मग.”

“तिले काय झालं?” बाबा म्हणाले. “तिले थंडी लागते.”

“थंडी सगळ्यांले लागते, दादा. कुऱ्हाडीनं हाडं फोडल्यासारखं माझंच होते.”

बाबा नेहमीचं म्हणाले, ती नेहमीसारखी गप्प राहिली. पण दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत लंगडत आली. “ऐक वं,” ती म्हणाली. “मले एक कागद पाहिजे. शिक्क्याचा. त्याच्यावर लिहून पाहिजे का मी नाटक करत नव्हती. तुझे सर देतीन का?”

“आधी तपासावं लागेल, आत्या.”

“तपासलं आणि नाही निघालं, तर?”

मी फाटकाची कडी काढली. ती म्हणाली, “मग कागद नको. मग कोणाले सांगू पण नको.”

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आत्यानं लग्नाकार्याची साडी नेसली, आणि आम्ही तिघं ऑटोनं विभागात गेलो. प्रयोगशाळेत शिरल्यावर आत्यानं पदर नीट करून सरांना विचारलं, “फोटो निकालेंगे क्या?” सर म्हणाले, “नहीं दीदी, सिर्फ खून.” तिचा थोडा विरस झाला.

पहिली चाचणी अगदी साधी होती. काचेच्या नळीत एक औषधी पाणी, त्यात रक्ताचे दोन थेंब. मग नळीच्या मागे छापलेला कागद धरायचा. पाणी स्वच्छ राहिलं आणि पलीकडची अक्षरं वाचता आली, तर रक्तात काही नाही. पाणी गढूळ झालं आणि अक्षरं दिसली नाहीत, तर काहीतरी आहे. आमच्याकडे कागद म्हणून त्या दिवशीचं हिंदी वर्तमानपत्र होतं.

बाबांची नळी आधी. सरांनी ती पहिल्या पानासमोर धरली आणि बाबांनाच म्हणाले, “पढ़िए।”

बाबांनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात मथळा वाचला. मग त्याखालची ओळ वाचली. मग बातमी वाचायला लागले, राजधानीतल्या रस्त्यांबद्दलची. माझ्या बाजूनं मला नळी दिसत होती. ती ताकासारखी गढूळ होती.

सर शांतपणे म्हणाले, “आपने सुबह अख़बार पढ़ा है?”

“रोज पढ़ता हूँ। पहले पन्ने से आख़री तक।”

“वही लग रहा है,” सर म्हणाले, आणि त्यांनी वर्तमानपत्र उलटून आतलं कुठलंसं पान मागे धरलं, वधू-वर पाहिजेत असल्या बारीक जाहिरातींचं. “अब पढ़िए।”

बाबा नळीकडे पाहत राहिले. डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं. शेवटी म्हणाले, “चश्मे का नंबर बढ़ गया है शायद।”

मग आत्याची नळी. तिनं एकच नजर टाकली आणि टाळी वाजवायची बाकी ठेवली. “नहीं दिखता! सर, एक अक्षर नहीं दिखता! दादा, तुले दिसते का? मले तर काहीच नाही दिसत!” त्या प्रयोगशाळेत गढूळ पाणी पाहून एवढं आनंदानं कोणी ओरडलं नसेल.

आणि तेव्हा सर म्हणाले, “दोनों की एक जैसी है।”

ते खरंच होतं. नळी एवढंच सांगते की काहीतरी आहे. अर्धं की पूर्ण, ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी, आणि तिला चार दिवस. सरांनी हे नीट समजावलं. मीही मराठीतून समजावलं. पण ऑटोत बसल्यावर बाबा जे बोलले ते आत्याच्या कानांत राहिलं. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट ते धीर देत होते. “पाहा, ताई. माझं पण तसंच निघालं. आणि मी तर जातो ना रोज ऑफिसात? काही नसते ते.”

विद्यापीठापासून घरापर्यंत आत्या एक शब्द बोलली नाही. इतका लांब रस्ता ती गप्प राहिल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

ते चार दिवस घरात लसूण मीच सोलला. आत्या भिंतीवर लावलेल्या चार्टसमोर खुर्ची घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, “नळी खोटं बोलते का?”

“नाही.”

“मग मीच बोलत असन,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत माणसाले आपलं आपल्यालेच कळत नाही कधी कधी. खरंच दुखते का दुखल्यासारखं वाटते, काय माहीत.”

मी पुस्तकं वाचणारी मुलगी होते. दुःखाच्या प्रसंगी काय बोलावं हे मी पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगी पडलं नाही. मी तिला चहा करून दिला. ती म्हणाली, साखर कमी आहे. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

दुसरी चाचणी मी माझ्या हातानं केली, सर शेजारी उभे होते. पट्टीच्या एका टोकाला रक्त ठेवतात आणि वीज सोडतात. मग रक्तातला रंग त्या पट्टीवरून चालायला लागतो. चांगला भाग पुढं जातो, विळ्याचा भाग मागे राहतो. अर्धा वाटा असेल तर दोन रेघा, एक पुढं, एक मागे. मी बाबांचं, आत्याचं, मागाहून घेतलेलं आईचं आणि माझं, अशी चार रक्तं ठेवली. बाबांच्या दोन रेघा आल्या. माझ्याही दोन. आईची एक, पुढं. आणि आत्याची एकच, मागे. जाड, ठळक, एकटी.

मी त्या रेघेकडे पाहून रडले. सरांना वाटलं मी माझ्या दोन रेघांसाठी रडते आहे. त्यांनी मला समजावलं की अर्ध्या वाट्यानं काही होत नाही. मी मान हलवली आणि रडत राहिले. मला हसूही येत होतं, कारण घरात एक बाई आजाराच्या बातमीसाठी डोळे लावून बसली होती, आणि बातमी चांगली होती.

रविवारी सर स्वतः स्कूटरवरून आमच्या क्वार्टरात आले. म्हणाले, समजावून सांगायला आलो. पण मला वाटतं त्यांना हारांचा चार्ट पाहायचा होता, कारण मी वर्गात चुकून बोलून गेले होते. ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. आजोबांच्या खुंट्यांना त्यांनी बोट लावून पाहिलं.

आईनं पोहे दिले. सरांनी दोन चमचे घेऊन सांगायला सुरुवात केली. हर बच्चे को माँ से एक, बाप से एक. एक चमचा उपडा, एक उताणा. आत्या पुढं सरकून ऐकत होती. “इनको दोनों तरफ़ से मिला है,” सर म्हणाले. “माँ से भी, पिता से भी। यही पूरी बीमारी है। जन्म से है। ठंड में, पानी में, थकान में दर्द होता है, और जो होता है वह मामूली दर्द नहीं होता।”

बाबा म्हणाले, “मतलब हमारे माँ-बाप दोनों को था?”

“आधा-आधा। उनको कभी पता भी नहीं चला होगा।”

“और मेरे को?” आईनं दारातून विचारलं.

“आपको बिलकुल नहीं।”

आईचा चेहरा उजळला. “माझ्या माहेरचं रक्त पहिल्यापासून साफच आहे,” ती म्हणाली, आणि सरांच्या बशीत न विचारता आणखी पोहे वाढले. पुढची वीस वर्षं कोणतंही भांडण झालं की हे रक्त बाहेर यायचं.

बाबा मात्र चार्टजवळ गेले. त्यांनी पेन्सिल उचलली. आजीचा गोल हाराच्या आत अर्धा काळा केला, एकाही फुलाला न लावता. मग आजोबा. मग स्वतःचा चौकोन, मग माझा गोल. आत्याच्या गोलाशी आले आणि थांबले. मग पेन्सिल तिच्या हातात दिली.

“तुझा तू भर.”

आत्यानं भरला. तिनं पेन्सिल इतकी दाबून फिरवली की शिसं चमकायला लागलं. आजही तो गोल उजेडात तिरका धरला तर चकाकतो.

मग तिनं सरांकडे कागद मागितला. सरांनी विभागाचा कागद घेतला आणि हिंदीत लिहिलं की प्रमाणित केलं जातं, अमुक तपासणीत अमुक आढळलं. आत्यानं वाचून पाहिलं. “इसमें लिखिए ना कि आलस नहीं है।”

सर म्हणाले, “दीदी, प्रमाणपत्र में ऐसा नहीं लिखते।”

“तो कैसा लिखते?”

सरांनी कागद पुन्हा पुढं ओढला. खालच्या बाजूला थोडी जागा होती. तिथं त्यांनी लिहिलं: इनकी पीड़ा वास्तविक है। सही केली, आणि शिक्का दुसऱ्या दिवशी विभागातून मारून दिला.

त्या कागदानं पुढं आमच्या घराला जो त्रास दिला तो सांगायला हवा. आत्यानं तो आधी लॅमिनेट करून घेतला. बसमध्ये उभं राहावं लागलं तर ती तो काढून बसलेल्या माणसाच्या नाकासमोर धरायची. भाजीवाल्यालाही एकदा दाखवला, कशासाठी ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिली प्रत तिनं गोंदियाकडे सासरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोच मागून. सोबत काही लिहिलं नाही. मी विचारलं, “दोन ओळी तरी लिही.” ती म्हणाली, “त्याईनं मले एक चिठ्ठी देली होती, मी त्याईले एक देली.” पंधरा दिवसांनी पोच आली, थरथरत्या हाताची सही असलेली. सही कोणाची ते वाचता येत नव्हतं. आत्यानं पोचही लॅमिनेट केली.

मग तिनं समाज हाती घेतला. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की ती माइकजवळ जाऊन उभी राहायची. “आपण कुंडली सोडली,” ती सांगायची, “चांगलं केलं. गुण पाहणं सोडलं, चांगलं केलं. पण आता नळी पाहा. पोरगा अर्धा, पोरगी अर्धी, असं लग्न लावलं तर लेकरू माझ्यासारखं होते. आणि माझ्यासारखं लेकरू तुम्हाले झेपणार नाही.” लोक हसायचे आणि नळी पाहायचे. काही लोक तिला येताना पाहून चपला शोधायचे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडचे चौबे कॉलनीतून आमच्याकडे आले, आणि आत्यानं चहाच्या आधी मुलाला विचारलं, “जावई, रक्त पाहिलं का?” मुलाच्या आईच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. तो मुलगा दुसऱ्या दिवशी एकटा विभागात आला, त्यानं बोट पुढं केलं, आणि नळीमागचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. मी आधी खात्री करून घेतली की पेपर त्यानं सकाळी वाचलेला नव्हता.

त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. माझा चार्ट टेबलावर पसरला आणि त्यांनी भिंग मागवलं. “यह कौन-सा चिह्न है? लाल?” मी सरांकडे पाहिलं. सर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “दिवंगत। स्थानीय पद्धति है।” परीक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं. मला भीती वाटते की कुठल्या तरी पुस्तकात ते आता असेल.

पण या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट कागदानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात झाली, आणि ती कोणी वहीत लिहिली नाही. थंडी पडली. आत्या गोधडीत शिरली, कण्हायला लागली. आई सवयीनं स्वेटर काढायला उठली. बाबा दारात येऊन उभे राहिले. आम्ही ‘ताईचं सुरू झालं’ ऐकायला तयार होतो. ते म्हणाले, “ताई, लय दुखून राहिलं का?”

इतक्या वर्षांत तो पहिला प्रश्न होता. आत्या गोधडीतून म्हणाली, “हव.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “कागद दाखवू का?”

“नको,” बाबा म्हणाले. “पाणी गरम करून आणतो.”

त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात ते विचारायचे आणि ती हव म्हणायची. कधी कधी दुखत नसतानाही म्हणायची, मला खात्री आहे. पिशवीतलं गरम पाणी तिला आवडायचं.

यंदाच्या जानेवारीत ती गेली. सासष्टाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, या आजारात इतकी वर्षं पुष्कळ झाली. तिनं ते ऐकलं असतं तर प्रमाणपत्र मागितलं असतं. मी आता विद्यार्थ्यांना शिकवते. गेल्या आठवड्यात फळ्यावर आकृती काढताना मेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची, असं बोलले, आणि खडू तसाच हातात राहिला.

त्या रविवारी मी बाबांकडे गेले तर चार्ट टेबलावर काढून ठेवलेला होता. कडा पिवळ्या पडल्या आहेत, मधे घडी फाटली आहे. बाजूला लाल शाईचा पेन. बाबांचा हात आता थरथरतो. मी म्हणाले, “मी काढू का?”

“तू काट मारशीन,” ते म्हणाले.

त्यांना काय अडत होतं ते मग लक्षात आलं. बाकीचे हार गोलावरून आत उतरतात, फोटोवर उतरतात तसे. आत्याचा तसा काढला तर तिचा काळा रंग फुलांखाली झाकला जाणार होता. बाबांनी खूप वेळ पेन हवेत धरून ठेवला. मग हार गोलाच्या बाहेरून काढायला घेतला, थोडा मोठा, थोडा वाकडा, एकेक फूल. ऊन टेबलावरून खाली सरकलं तरी ते चालूच होतं. दोन फुलं एकमेकांत मिसळली, एका ठिकाणी शाई ओघळली. आई येऊन पाहून गेली.

शेवटचं फूल काढून त्यांनी चार्ट माझ्याकडे वळवला.

“काळं दिसून राहिलं ना?”

“दिसून राहिलं, बाबा. पूर्ण.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.